संदेश घरी येण्याआधी

गुदैबिया, बहारीन
१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय मालू,

पाकिटावरचं अक्षर बघून हे कोणाचं पत्र ते तुला कळलं नसणार. माझंच आहे. डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची तीन बोटं अजून वळत नाहीत, आणि दीप्तीला लिहून घ्यायला सांगावं तर यातलं बरंचसं तिच्यासमोर उच्चारायची माझी हिंमत नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारशील आणि मी नेहमीसारखं खोटं सांगून मोकळा होईन, हे मला माहीत आहे. माझ्या शिफ्टमधला विश्वजीत सुट्टीवर कणकवलीला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. तो घरी येऊन तुझ्याच हातात देईल. शिरीषरावांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. उलट त्यांनी वाचावंच.

दीप्तीने ऑगस्टच्या शेवटी तुला सांगितलं की आपल्या धाकट्या संदेशला कावीळ झाली म्हणून तो हॉस्पिटलात आहे, आणि आम्हा दोघांना स्वयंपाकघरात छोटा अपघात झाला. ते तिने माझ्या सांगण्यावरून सांगितलं. संदेशला कावीळ झालेली नाही आणि आमच्याकडे अपघात झालेला नाही. जे झालं ते सगळं सांगणार आहे, पण मला आईपासून सुरुवात केल्याशिवाय ते सांगता येत नाही. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिच्याबद्दल आपण भांडलो खूप, बोललो मात्र कधीच नाही.

त्या सकाळी मी इथे मुहर्रकला विमानतळावर, सामानाच्या बेल्टखाली ग्रीसमध्ये हात घालून पडलो होतो. तू जे पाहिलंस ते मला फक्त तुझ्या जबाबातून माहीत आहे. हवालदाराच्या अक्षरातला तो जबाब मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून वाचला. तू गोठ्यात होतीस. बाबा पहाटेपासून पडवीत, बंदूक मांडीवर घेऊन. डुकरांसाठी घेतलेली ती एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, आपल्या वाडीत घरटी असते तशीच. शेजारचे गुंडूकाका आपल्या विहिरीत काहीतरी कालवतात असं बाबांनी तीन महिने धरून ठेवलं होतं. आई पेजेचा टोप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "गरम आसा तवसर घेवा." बाबांनी वर बघितलं आणि दोन हातांवरून चाप ओढला. तू धावत आलीस तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि पेज तिच्या मांडीवर सांडली होती. तुला आधी ती पेजच दिसली. मग पोट दिसलं. तू ओढणी दाबलीस, ती भिजली, टॉवेल दाबलास, तो भिजला, मग तांदळाचं रिकामं पोतं दाबून बसलीस. रिक्षा यायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ ती शुद्धीत होती. बाबा पायरीवर बसले होते. तुला म्हणाले, "तिका उठव, चाय टाकूक सांग."

जबाबातली ही ओळ वाचून मी उरलेलं न वाचताच कागद परत केला होता. तुला ते सांगितलं नाही. घरी आलो तेव्हा भिंत धुतलेली होती, पण छर्ऱ्यांची भोकं तशीच होती. काही भोकांत बोटाचं टोक जायचं. एक छर्रा भिंतीतून पार होऊन आत माजघरातल्या कपाटाला लागला होता. मातीची का होईना, वीतभर जाड भिंत ती. मी त्या भोकांसमोर उभा राहिलो आणि माझं सगळं आयुष्य त्या एका नळीवर येऊन थांबलं. दुसरं काही मला दिसेनाच. बंदूक नसती तर बाबांनी फार तर काठी उगारली असती आणि आईने ती धरली असती. हेच मी तुला बाराव्याला सांगितलं, वर्षश्राद्धाला सांगितलं, जो भेटेल त्याला सांगितलं. तू म्हणायचीस, "बाबा तीन महिने झोपले नव्हते दादा. जेवताना आधी कुत्र्याला घालून बघायचे. ते आजारी होते आणि आपल्यातल्या कोणीच त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. बंदूक नसती तर कोयता होता, विहीर होती." मी ऐकून घेतलं नाही. आजार हा शब्द मला चालायचा नाही. आजारी म्हटलं की माफ करावं लागतं, आणि मला माफ करायचं नव्हतं.

म्हणून तुझं लग्न ठरलं तेव्हा मला पहिला राग आला तो शिरीषरावांच्या घरातल्या बंदुकीचा. माणूस मी नीट बघितलाच नाही. तू शांतपणे म्हणालीस, "त्यांचं डोकं जागेवर आहे, मी बघून घेतलंय." मग मी जे केलं ते तुला माहीत आहेच. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला, पाच गावांतले शेतीसंरक्षणाचे परवाने रद्द करा म्हणून, आणि त्यात नावं घातली. शिरीषरावांचंही घातलं. परवान्याचं नूतनीकरण अडकलं, त्यांना ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं, आणि त्या पावसाळ्यात डुकरांनी तुमचं भात लोळवलं. तू मला फोन केलास. आवाज चढवला नाहीस. "तुझा राग बाबांवर आहे आणि काढतोस लोखंडावर. एकदा रत्नागिरीला जाऊन त्यांच्यासमोर बस," एवढंच म्हणालीस. मी फोन ठेवला. तेव्हापासूनची ही सात वर्षं अबोल्याची.

आता एक गोष्ट, जी मी दीप्तीलाही सांगितलेली नाही. तुला वाटतं मी रत्नागिरीला मनोरुग्णालयात कधी गेलोच नाही. मी गेलो होतो. त्या फोननंतरच्या मे महिन्यात सुट्टी मिळाली नाही असं तुला कळवलं, ते खोटं होतं. सावंतवाडीहून एसटीने गेलो. आत नाव सांगितलं, नातं सांगितलं, आणि तिथला माणूस म्हणाला, बसा, घेऊन येतो. त्याला वेळ लागला. खिडकीतून मला पलीकडचा व्हरांडा दिसत होता. त्या माणसाने बाबांना सांगितलं असावं की मुलगा आलाय. बाबांनी नळावर जाऊन केस ओले केले, हातानेच भांग पाडला, आणि तू नेऊन दिलेला तो चौकडीचा शर्ट घालायला लागले. बटणं एक घर चुकून लागत होती. ती पुन्हा सोडून ते पुन्हा लावत होते. मी उठलो आणि गेटबाहेर आलो. तसाच स्टँडवर. चार महिन्यांनी ते गेले. ते गेले तेव्हा तू मला एकच वाक्य लिहिलं होतंस, की शेवटी शेवटी ते विनू आलेला असं सगळ्यांना सांगायचे आणि तिथले लोक त्यांना भास होतात म्हणायचे. मालू, तो भास नव्हता.

हे सगळं आज का काढतोय, तर संदेशसाठी.

संदेशला मी इथे आणलं चार वर्षांपूर्वी. आयटीआय झालेला, एसीच्या कामात हात चांगला, इथे उन्हाळ्यात त्या कामाला मरण नाही. कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये राहायचा. गेल्या डिसेंबरात तिथे त्याचं रूममधल्या पोरांशी वाजलं. त्याच्या पाण्याच्या बाटलीत कोणीतरी काहीतरी टाकतं असं तो म्हणत होता. मी म्हटलं असतील नालायक, आणि त्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. आमची इरावती आता अकरा वर्षांची आहे. घरात आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. पण संदेशकाकाशी मात्र ती मालवणी बोलायची, त्याने शिकवलेली, अर्ध्या शिव्याच. दोघं हॉलमध्ये बसून हसत असायचे. घर भरल्यासारखं झालं होतं.

मेपासून तो झोपेनासा झाला. दीप्तीच्या हातचं जेवण आधी हुंगायचा. मग एके दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर त्याने हॉलमधला एसी खोलून त्याचे भाग चादरीवर ओळीने मांडले होते. मला वाटलं सर्व्हिसिंग करतोय. तो म्हणाला, हेच्यातसून बोलतत. कोण बोलतं विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यातला एक. जुलैच्या गरमीत त्याने त्याच्या खोलीच्या एसीला चिकटपट्ट्या मारल्या आणि घामाने निथळत बसून राहायला लागला. तू दीप्तीला दोनदा फोन केलास. दुसऱ्या वेळी तू रडत होतीस असं ती म्हणाली. "त्याच्या बोलण्यात मला बाबा ऐकू येतात. त्याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या," हा तुझा निरोप दीप्तीने मला जेवताना सांगितला. ती स्वतःही घाबरली होती. मी काय म्हणालो माहीत आहे? भाताचा घास हातात धरून हसलो आणि म्हणालो, "इथे कोणाच्या घरात बंदूक आहे? बंदूक मफी, नाहीच मुळी. काय करणार तो?"

ही माझी नऊ वर्षांची कमाई. बंदूक नाही म्हणजे भीती नाही, हे मी इतकं घोकलं होतं की समोर बसलेला भाऊ मला दिसला नाही. वर व्हिसाची काळजी. डॉक्टरकडे नेलं तर फाईलवर येईल, कंपनीला कळेल, परत पाठवतील. गणपतीत गावी नेऊ, तिथे गुपचूप दाखवू, असं मी ठरवून टाकलं. तोपर्यंत कळ काढायची. गणपतीला साडेतीन आठवडे होते.

ऑगस्टचा पहिला शुक्रवार. बारा वाजायला आले होते. दीप्तीने कोंबडी आणली होती, ओट्यावर तोडायला घेतली होती. कोथिंबीर संपली म्हणून मला खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, इथल्या वाण्याकडे, पाठवलं. इरावती बेडरूममध्ये कानाला हेडफोन लावून टॅबवर काहीतरी बघत होती. पुढचं मला दीप्तीने नंतर कागदावर लिहून सांगितलं, कारण दोन आठवडे तिला तोंड उघडता येत नव्हतं. संदेश स्वयंपाकघरात आला आणि अगदी हळू म्हणाला, "वयनी, इरूच्या कानात घुसलेत ते. आता काढूक होये." ती वळेपर्यंत त्याने ओट्यावरचा सुरा उचलला होता. तो बेडरूमकडे निघाला. रागाने नाही, मालू. एखादं काम उरकायचं असावं तसा. दीप्ती धावत जाऊन दारात आडवी झाली. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं, वयनी म्हणूनच, आणि ती होईना तेव्हा वार केला. पहिला वार कानापासून हनुवटीपर्यंत. दुसरा मानेवर. डॉक्टर नंतर म्हणाले, नस अर्ध्या बोटाने वाचली. गाल उघडा पडला आणि आतले दात दिसायला लागले, तरी ती चौकट सोडेना. तिने मागे वळून इरावतीला ओरडून सांगितलं, बाथरूममध्ये जा, कडी लाव. ते ओरडताना तिच्या तोंडातून रक्ताचा फवारा भिंतीवर गेला. त्यानंतर ती चौकटीतच खाली बसली आणि तो तिच्यावरून पाय टाकून आत गेला.

मी जिन्यात होतो तेव्हा आवाज ऐकला. लाकडावर काहीतरी आपटल्याचा, थांबून थांबून. दार उघडून आत गेलो तर दीप्तीभोवतीची फरशी लाल, आणि पलीकडे संदेश बाथरूमच्या दारावर सुरा मारत होता. आतून इरावती त्याला हाका मारत होती, मालवणीत. "काका, नको. काका, नको." तो तिला बाहेरून धीर देत होता, "भियां नको, आता काढतंय," आणि पुन्हा सुरा मारत होता. मी मागून त्याला कवेत आवळून धरलं. त्याची ताकद तू पाहिलेली नाहीस. त्याने मला भिंतीवर आपटलं आणि सुरा माझ्या पोटाकडे आला. मी तो पात्यालाच धरला. आधी नुसतं गार लागलं, नंतर बोटांत काहीतरी तुटल्याचं कळलं, ताणलेली दोरी सुटावी तसं. त्याने सुरा ओढून घेतला आणि माझ्या खांद्यात घातला. एकदा, मग पुन्हा. मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मला म्हणत होता, "दादा, हात काढ, इरू मरतला, हात काढ." त्याला इरावतीला मारायचंच नव्हतं. त्याच्या हिशेबी तो तिला वाचवत होता.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन अझहर वर आला नसता तर मी हे लिहायला उरलो नसतो. पन्नाशीचा माणूस, मुलतानकडचा. तो बेडवरची गादी उचलून संदेशवर पडला आणि गादीसकट त्याला भिंतीशी दाबून धरून बसला. सुरा गादीतून आरपार येऊन त्याच्या बरगडीला लागला तरी उठला नाही. गादीखालून संदेश ओरडत होता आणि अझहर वरून त्याला सांगत होता, "बैठ जा बेटा, बैठ जा, कुछ नहीं हुआ." पोलीस येईपर्यंत तो हेच म्हणत राहिला. मी एका हाताने दीप्तीचा गाल जागेवर धरून बसलो होतो, दुसऱ्या हाताची बोटं लोंबत होती. तू पोतं दाबून बसली होतीस तसाच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या पाऊण तासात तुझं काय झालं असेल, आणि मी तुला कधी विचारलंही नव्हतं.

दीप्ती जगली. चेहऱ्याची डावी बाजू हलत नाही, तो डोळा झोपेतही पूर्ण मिटत नाही, पाणी पिताना ओघळतं. पण ती ड्यूटीवर जाते, आणि लोक बघतात तेव्हा तीही त्यांच्याकडे बघते. इरावतीला एक ओरखडाही नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर मी त्या बाथरूमच्या दारासमोर उभा राहिलो. भुसा दाबून केलेलं हलकं दार, इथल्या जुन्या फ्लॅटमधून असतं तसलं. एकोणीस घाव होते. दोन-तीन ठिकाणी सुरा पार गेला होता, पण दार टिकलं. आपल्या घरी वीतभर भिंत टिकली नव्हती. एवढाच फरक, मालू. म्हणून मी जे नऊ वर्षं ओरडत होतो ते खोटं नव्हतं, आणि या दारासाठी मी ते मरेपर्यंत म्हणेन. पण दीप्तीच्या गालावर जे आहे ते तू जे म्हणत होतीस त्याचं आहे. तू सांगितलंस त्या दिवशी मी त्याला नेलं असतं तर तिचा चेहरा तसाच राहिला असता. आमच्या घरात सुरा होता म्हणून मी तो फेकून दिला असता का? सुरे कितीसे फेकणार?

सरकारी हॉस्पिटलात संदेशच्या डॉक्टर आमिना म्हणून आहेत, इथल्याच. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का? मी नाही म्हणालो. मग उठून दारापर्यंत गेलो, परत आलो आणि म्हणालो, माझ्या वडिलांना होता. ते आजारी होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून हे वाक्य निघालं आणि तेही इंग्रजीत, एका परक्या बाईसमोर. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. असे बहुतेक पेशंट आयुष्यात कोणावर हात उगारत नाहीत, असं त्या म्हणाल्या. घरच्यांना भीती इतरांची वाटते, पण जास्त सांभाळायचं असतं ते पेशंटलाच, त्याच्या स्वतःपासून. विशेषतः तो बरा होऊन आपण काय केलं हे त्याला कळायला लागतं तेव्हा.

संदेशला ते आता कळलंय. सप्टेंबरच्या शेवटी आवाज थांबले आणि आठवण परत आली. तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. औषधाने अंग सुटलंय, हात थरथरतात, महिन्याला इंजेक्शन असतं. पण बोलतो तो आपलाच संदेश. कोर्टात केस झाली. डॉक्टरांचा रिपोर्ट होता, आणि दीप्तीने स्वतः जाऊन लिहून दिलं की तिची तक्रार नाही. त्यामुळे जेलऐवजी त्याला उपचारांसाठीच ठेवलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला भारतात परत पाठवणार आहेत. पुन्हा इथे येता येणार नाही. दीप्तीने सही केली, पण त्याला भेटायला ती जात नाही, आणि मी तिला एका शब्दाने सांगत नाही. इरावतीला एकदा फोनवर बोलू दिलं. फोन हातात घ्यायच्या आधी तिने मला विचारलं, "इज इट काका नाऊ?" मी हो म्हटलं. मग तिने त्याला मालवणीत विचारलं, "जेवलंस?"

त्याला घेऊन मी येणार आहे. आपलं घर बंद आहे, आणि तिथे पडवीच्या त्या भिंतीसमोर मी त्याला ठेवणार नाही. राहिलीस तू. बाबांकडे दर महिन्याला एसटीने जाणारी तू, त्यांच्या गोळ्यांची नावं पाठ असलेली तू. दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही. हे मी गेल्या मंगळवारी भेटायला गेलो तेव्हा संदेशला सांगितलं, की तुला मालूताईकडे नेतोय. मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्याने उलट विचारलं, "तायच्या घराक बंदूक आसा मां?" आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, "आता मी बरो आसंय. बरो आसंय तवसर सांगतंय. उद्या परत तसा झाला तर माका माझो भरवसो नाय. आणि तसा नाय झाला तरी, वयनीचा तोंड आठावला काय मी काय करीन ता माका म्हायत नाय. तायक सांग, ती आधी घरातसून भायर काढूक. कपाटात नको, माळ्यार नको. मगे मी येतंय. नायतर माका खयपण ठेव, तिच्याकडे नको." मालू, हे पत्र मी त्याच्यासाठी लिहितोय. शिरीषरावांच्या परवान्यावर मी एकदा हात टाकला, तो माझ्या रागातून, आणि त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. त्यांना शेतीसाठी ती लागते हेही मला कळतं. या खेपेला मागणारा मी नाही. निवडणुकीच्या वेळी जशी ठाण्यात जमा करतात तशी ती जमा करा, फक्त पुन्हा आणू नका, आणि काय ठरलं ते एका फोनने कळवा. नाही म्हणालात तरी राग नाही, मी कुडाळला खोली घेईन आणि त्याच्याबरोबर राहीन. पण हो म्हणालीस तर फोन संदेशच्या वॉर्डात कर, नंबर मागे लिहिलाय. मी सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. तुझ्या तोंडून ऐकलं की मगच तो बॅग भरेल.

तुझ्या फोननंतरच आमची तिकिटं काढणारा,
तुझाच
विनूदादा